हातोहात फिरणारा खर्ज

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९५१ साली त्यांनी बाजारात आणलेल्या ‘प्रिसिजन बेस’वर दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या विचाराची छाप स्पष्ट दिसते. तिची नेक बॉडीला चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी आवळलेली आहे. पिकअप, पॉट, जॅक, ब्रिज, तारा पिळायच्या खुंट्या असं सगळं स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंगचं साहित्य घेऊन सुटं करता येतं. बिघडलेला भाग काढा, दुसरा बसवा, वाजवायला लागा. पुढे आलेल्या बहुसंख्य बेस गिटारी याच पद्धतीने बनल्या. वापरलेल्या बेसचा बाजार आज जगभर चालतो, त्यामागचं हे पहिलं कारण आहे.

दुसरं कारण माणसांचं. बँडमध्ये गिटार वाजवणारे तिघे असतात आणि बेस वाजवायला कोणी नसतं, म्हणून त्यांतला एक जण बेस घेतो. वर्षभरात परीक्षा येते, नोकरी लागते, बँड मोडतो, आणि जेमतेम वाजलेली बेस कपाटामागे जाऊन बसते. मुंबई-पुण्यात अशा बेस नेहमी विकायला असतात. नवं वाद्य बघायचं तर धोबी तलावच्या जेर महालातलं फुर्तादोस आहे, इतरही दुकानं आहेत, आणि तिथे जाऊन वाद्यं हाताळून यावंच. पण खिशात बेताचे पैसे आणि डोक्यात वेगळं काही वाजवायची इच्छा असेल, तर वापरलेली बेस हाच खरा रस्ता आहे असं माझं ठाम मत आहे. त्या रस्त्यावर कुठे काय बघायचं ते सांगतो.

सुरुवात नेकपासून. बाकीचं जवळजवळ सगळं बदलता येतं, पण वाकडी झालेली नेक सरळ करणं अवघड असतं आणि नवी बसवायची तर कधी कधी अख्ख्या बेसइतका खर्च येतो. म्हणून बेस हातात आल्यावर लगेच वाजवू नका. खुंट्यांची बाजू डोळ्याजवळ धरून नेकच्या दोन्ही कडा बॉडीपर्यंत न्याहाळा. दोन्ही कडांचा बाक सारखा असेल तर चिंता नाही. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेकला पीळ पडला आहे. पीळ असलेली बेस कितीही स्वस्त असो, नको म्हणा.

बाक मात्र असतोच आणि थोडा हवाही असतो. नेहमीच्या जाडीच्या चार तारा मिळून नेकवर सुमारे ८० किलोंचा ताण देतात. त्याला तोलून धरण्यासाठी नेकच्या आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ती आवळली की नेक मागे येते, सैल केली की तारांच्या ओढीने पुढे झुकते. बाक मोजायला कुठलंही उपकरण लागत नाही. सर्वांत जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर दाबा आणि दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर. दोन्हीकडून दाबलेली तार आता सरळ पट्टीसारखी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये साधं व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतपत फट दिसली तर नेक ठीक आहे. फट फार मोठी किंवा मुळीच नसेल तर ट्रस रॉड फिरतो का ते बघायला हवं. मालकाला विचारूनच, आणि पाव फेऱ्याहून जास्त नाही. रॉडचा नट गोल झालेला असेल, किंवा रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असूनही नेक पुढेच झुकलेली असेल, तर तिथे व्यवहार थांबवावा.

आपल्याकडे हवामानाचा भाग मोठा आहे. लाकूड ओलावा पितं आणि फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. नागपूरच्या उन्हाळ्यात राहिलेल्या बेसचा फ्रेटबोर्ड आकसतो, पण धातूचे फ्रेट तेवढेच राहतात. मग त्यांची टोकं कडेने बाहेर येतात आणि नेकवरून तळहात फिरवला की टोचतात. कानशीने ती घासता येतात, म्हणजे हा दोष भाव पाडायला चांगला आणि नकार द्यायला अपुरा. उलट किनारपट्टीवर राहिलेल्या बेसमध्ये गंज शोधायचा. रत्नागिरी, पणजी किंवा वसईच्या खाऱ्या हवेत ब्रिजवरचे बारीक स्क्रू आधी पकडतात. तारांची उंची त्यांनीच कमी-जास्त होते, त्यामुळे प्रत्येक स्क्रूला अ‍ॅलन की लावून तो फिरतो का ते बघा. बेस एका हवेतून दुसऱ्या हवेत आली की पहिले काही आठवडे नेक हलतेच. घरी आणल्या आणल्या सेटअप करून घेण्यापेक्षा थोडं थांबलेलं बरं.

यानंतर फ्रेट. तारांखाली त्यांना खाचा पडतात, सर्वांत जास्त पहिल्या पाच फ्रेटवर. वरवरच्या खाचा घासून सारख्या करता येतात. फ्रेट फारच सपाट झाले असतील तर नवे बसवावे लागतात आणि ते काम महाग आहे. वीस फ्रेट आणि चार तारा, म्हणजे मोकळ्या तारा धरून ८४ सूर. ते सगळे एकेक करून वाजवा. कंटाळवाणं वाटेल, पण विकणारा मनापासून विकत असेल तर त्याची हरकत नसते. कुठे तार खरखरते, कुठे सूर लगेच विझतो, ते लक्षात ठेवा. फेंडर पद्धतीच्या बेसवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर मंद पडणं नेहमीचं आहे. नेकच्या लाकडाची स्वतःची कंपनं त्या सुराची ताकद खाऊन टाकतात. नव्या, महागड्या बेसवरही हे होतं, त्यामुळे तेवढ्यासाठी बेस नाकारू नये.

फ्रेट गेलेले पण नेक सरळ, अशी बेस मिळाली तर माझे डोळे चमकतात. तिची फ्रेटलेस करता येते. बेसवादक जॅको पास्टोरियस यांची १९६२ची फेंडर जॅझ बेस अशीच होती. फ्रेट काढलेले, फटी भरलेल्या आणि बोर्डवर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा कडक थर. १९७६ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमने बेस गिटार काय करू शकते याची कल्पनाच बदलून टाकली. फ्रेट नसले की दाबलेली तार लाकडावर अलगद टेकत, घासत कंप पावते, आणि तंबोऱ्याच्या जवारीतून सूर फुलतो तसा तो लांबट, गाणारा आवाज येतो. नव्या कोऱ्या बेसचे फ्रेट उपटायला सहसा कोणाचा हात उचलत नाही. वापरलेल्या, फ्रेट झिजलेल्या बेसवर ते धाडस परवडतं.

नेक पास झाली की उरलेलं काम सोपं आहे. बेस अँपला लावा आणि सगळी बटणं सावकाश फिरवा. खरखर आली तर बहुतेक वेळा बटणाखालच्या पॉटमध्ये धूळ असते आणि काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर तेही किरकोळ सोल्डरिंगचं काम. नवखे लोक इथे एका गोष्टीला हमखास घाबरतात. जॅझ बेसमध्ये एकेरी कॉइलचे दोन पिकअप असतात. दोन्हींचा आवाज पूर्ण असला की गुणगुण एकमेकींना मारते, पण एकाचा कमी केला की घूंऽऽ सुरू होतं. हा बिघाड नाही. प्रिसिजनमध्ये १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप आला, त्यात ही गुणगुण मुळातच मारलेली असते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर तारांची अर्थिंग जोडणी शाबूत आहे. पण तारांना हात लावल्यावर झटका बसला तर ताबडतोब प्लग काढा. घराच्या वायरिंगमध्ये किंवा अँपमध्ये अर्थिंगचा दोष आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत तिथे कोणीच वाजवू नये.

काही बेसच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटा प्रीअँप असतो. १९७६ साली आलेली म्युझिक मॅन स्टिंगरे हे त्याचं गाजलेलं उदाहरण. बहुतेक अशा बेसमध्ये केबल घातली की बॅटरी चालू होते, म्हणून केबल लावून ठेवलेली बेस न वाजवताही बॅटरी संपवत राहते. बघायला जाताना एक नवी बॅटरी खिशात न्या. आवाज फाटतो आहे तो बॅटरीमुळे की प्रीअँप मेल्यामुळे, याचा निकाल जागेवरच लागतो.

अँप घेताना वेगळी काळजी. परदेशातून आलेला अँप ११० किंवा १२० व्होल्टचा असू शकतो. मागची पट्टी न वाचता तो आपल्या २३० व्होल्टला लावला तर जळतो. स्पीकरच्या पेटीवर ओहम लिहिलेले असतात. आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की एकूण चार ओहम होतात, आणि अँपच्या पाठीवर जो कमीत कमी आकडा छापलेला असतो त्याच्या खाली जायचं नाही. व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. पेटीची पुढची जाळी निघत असेल तर स्पीकरच्या शंकूवर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून हलकेच आत दाबा. आतून घासल्याचा आवाज आला तर कॉइल अडकते आहे.

अँपेग कंपनीचा एसव्हीटी १९६९ साली आला. ३०० वॉटचा व्हॉल्व्ह अँप, खाली दहा इंची आठ स्पीकरची पेटी. रॉकच्या मंचावर बेसचा आवाज कसा असावा हे त्याने ठरवलं. पण नुसती पेटी साठ किलोंच्या वर जाते. आता तीन किलोंच्या आत बसणारे क्लास-डी अँप मिळतात, त्यामुळे जुने वजनदार अँप लोक स्वस्तात काढतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर त्या मोहात पडू नका. तळमजल्यावर सरावाची खोली असेल तर मात्र जरूर पडा.

भावाचा माझा ठोकताळा असा. तेच मॉडेल आज नवं मिळत असेल आणि वापरलेलं चांगल्या स्थितीत असेल, तर नव्याच्या निम्मी ते दोन तृतीयांश किंमत रास्त. त्यातून नव्या तारा आणि सेटअप यांचा खर्च वजा करून बोला, कारण बेसच्या तारा गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग असतात. विकणाऱ्याने सांगितलेल्या किमती म्हणजे बाजारभाव नव्हे. तशीच बेस प्रत्यक्षात कितीला गेली, हे दोन-तीन वाजवणाऱ्यांना विचारून काढा. खरोखर जुन्या, १९६०-७०च्या बेसचा हिशेब वेगळा. तिथे प्रत्येक मूळ भागाला मोल असतं आणि पुन्हा रंगवलेल्या बॉडीने किंमत धाडकन खाली येते. अशा वेळी आतले पॉट बघायचे. त्यांच्यावर १३७६६४५ असा आकडा असेल तर १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि ४५ म्हणजे त्या वर्षाचा पंचेचाळिसावा आठवडा. यावरून बेसची जन्मतारीख सिद्ध होत नाही. पॉट मूळचे असतील तर बेस त्याआधीची नाही, एवढंच कळतं.

अमेरिकेतून किंवा युरोपातून बेस आणणाऱ्या आपल्या लोकांना लाकडाची एक गोष्ट माहीत हवी. अनेक फ्रेटबोर्ड आपल्या पश्चिम घाटातही वाढणाऱ्या शिसवीचे असतात. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या साऱ्या जातींवर सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले आणि वाद्यं देशाबाहेर पाठवणं कटकटीचं झालं. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला मात्र ती नाही. तिच्यावर १९९२ पासून सर्वांत कडक बंधन आहे.

चोरीचा प्रश्न याहून मोठा. पास्टोरियस यांची ती जॅझ बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली आणि तब्बल दोन दशकांनी त्याच शहरातल्या एका गिटारच्या दुकानात निघाली. मग तिच्या मालकीचा वाद झाला. इतकी प्रसिद्ध बेस इतकी वर्षं हातोहात फिरू शकते, तर साधी बेस कोण ओळखणार? म्हणून सीरियल नंबर लिहून घ्या, मूळ पावती मागा, पावती नसेल तर मालकाचा ती वाजवतानाचा जुना फोटो मागा. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही.

आता दुसरी बाजू. विकायची असेल तर दिवसाच्या उजेडात फोटो काढा. फक्त पुढून चकचकीत एक फोटो पुरत नाही. खुंट्यांच्या डोक्याची मागची बाजू, सीरियल नंबर, फ्रेटवरच्या खाचा, नेक बॉडीला मिळते तो सांधा, प्रत्येक टवका, आणि मागचं झाकण उघडून आतली जोडणी, हे सगळं दाखवा. दोष आधीच लिहिले की घासाघीस कमी होते. मूळ पिकअप किंवा ब्रिज बदलला असेल तर काढलेला भाग पिशवीत घालून बरोबर द्या. आवाजाचा व्हिडिओ पाठवायचा तर केबलने थेट रेकॉर्ड करा. बेसच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा छोटा स्पीकर तो वाजवूच शकत नाही, म्हणून घेणाऱ्यालाही हेडफोन लावून ऐकायला सांगा.

पैशाचा व्यवहार समोरासमोर करावा. यूपीआयने पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. घेणारा तसं करायला सांगत असेल तर तो चोर आहे. कुरियरने पाठवायची वेळ आली तर तारा थोड्या सैल करा, नेकच्या खाली आणि डोक्याच्या मागे कापड किंवा फोम भरा, म्हणजे खोकं आपटलं तरी डोकं हवेत झोके खाणार नाही. नेक स्क्रूंची असेल तर काढून वेगळी गुंडाळता येते. फेंडर यांच्या त्या चार स्क्रूंचा इथेही फायदाच होतो.

या सगळ्या देवघेवीतून संगीत कसं बदलतं, याचं माझं आवडतं उदाहरण बेस गिटारचं नाही, बेसच्या यंत्राचं आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाची छोटी चंदेरी पेटी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू. आवाज खऱ्या बेससारखा नव्हता आणि सूर भरायची पद्धत किचकट होती. सुमारे दहा हजार नग बनवून १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं. पेट्या जुन्या सामानाच्या दुकानांत मातीमोल भावाने पडून राहिल्या. शिकागोतल्या पोरांना त्या परवडल्या. फ्युचर या त्रिकुटाने तिची बटणं ती वाजत असतानाच फिरवली, आवाज चिरकत, वळवळत वर चढला, आणि १९८७ साली आलेल्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’पासून अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताच्या प्रकाराला नाव मिळालं. ज्या पेटीला गिऱ्हाईक नव्हतं तिची किंमत नंतर नव्या पेटीच्या कितीतरी पट झाली.

त्याच्याही काही वर्षं आधी, मुंबईत, चरणजित सिंग यांनी हीच पेटी घेतली होती. आयुष्यभर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवलेल्या या माणसाने १९८२ साली टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या तालात बसवले. तेव्हा ती तबकडी फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि ऐकणारे थक्क झाले, कारण शिकागोच्या पाच वर्षं आधीच तो आवाज मुंबईत होऊन गेला होता. मधल्या काळात तिच्या मोजक्या प्रती जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांच्या हातातून फिरत राहिल्या, म्हणून ती सापडली तरी.

म्हणून बेस घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याला विचारा, हिच्यावर काय वाजवत होतात? पैसे मोजून झाल्यावरच्या त्या अर्धा तास चालणाऱ्या गप्पा मला बेसइतक्याच मोलाच्या वाटतात. तुमच्याकडूनही काही द्या. मी जॅकोंचा पहिला अल्बम देतो. बेसवादक योनास हेलबोर्ग, गिटारवादक शॉन लेन आणि घटम-कंजिरा वाजवणारे व्ही. सेल्वागणेश या तिघांचं काम देतो, कारण त्यात बेसवाला कर्नाटक लयीच्या हिशेबात उतरतो आणि मागे राहून साथ करत नाही. मुंबईच्या मोहिनी डे यांचं वादन सुचवतो. कोणी हिंदी गाण्यांतलं असेल तर आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस शोधून, तिच्यावरच कान ठेवून गाणं पुन्हा ऐकायला सांगतो.

घरी आणलेल्या बेसवर पहिला प्रयोग तारांचा करावा, त्यात काही मोडत नाही. गुळगुळीत, फ्लॅटवाउंड तारा लावल्या की तोच आवाज गोल आणि आखूड होतो. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन अशाच जाड तारा लावत आणि त्या बदलायचं शक्यतो टाळत. त्याहून खोल जायचं असेल तर चार तारांच्या बेसला पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार तारा लावा. मग सर्वांत खालचा सूर ३१ हर्ट्झच्या आसपास जातो. डोक्याजवळच्या नटच्या खाचा या जाड तारांसाठी कानशीने किंचित रुंद कराव्या लागतात, पण खोल करायच्या नाहीत. जमत नसेल तर ते काम कारागिराकडे द्यावं. ताण बदललेला असतो, तेव्हा तारा चढवून एक-दोन दिवस जाऊ द्या आणि मग ट्रस रॉड, तारांची उंची आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर पुन्हा एकदा जुळवून घ्या.